चंदन, पण कोणतं? एका शब्दाचा इतिहास आणि संशोधनाचा पहिला प्रश्न



पेट झाली, विषय ठरला, आता सिनॉप्सिस लिहायचंय, आणि गाडी अडते ती इथेच. कारण विषय असणं वेगळं आणि संशोधनाचा प्रश्न असणं वेगळं. ‘चंदनाचे पारंपरिक उपयोग आणि औषधी गुणधर्म’ हा विषय झाला. यावर शाळेच्या निबंधासारखं लिहायला बसलात तर दहा पानं सहज भरतील: चंदन शीतल आहे, सुगंधी आहे, हजारो वर्षांपासून वापरात आहे वगैरे. पण गाईड पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारतील. कोणतं चंदन? कोणत्या काळातलं? आणि कोणत्या रूपात वापरलेलं?

आज हे तीन प्रश्न घेऊन चंदनाचा इतिहास थोडा चाळून बघू. उदाहरण चंदनाचं असलं तरी पद्धत कुठल्याही वनस्पतीला, धातूला, कापडाला लागू पडते.

घरातलीच तीन चंदनं

सुरुवात लांब कुठे करायला नको. मराठी घरांत ‘चंदन’ नावाच्या निदान तीन वस्तू असतात. देवघरात सहाणेवर खोड उगाळून गंध काढतात, ते पांढरं चंदन. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सँटॅलम आल्बम. मुका मार लागला, सूज आली की आजी जी बाहुली उगाळून लेप लावायची ती रक्तचंदनाची. हे झाड अगदी वेगळ्या कुळातलं, टेरोकार्पस सँटॅलिनस. ते शेंगा येणाऱ्या झाडांपैकी आहे, मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगररांगांत वाढतं, आणि त्याला चंदनाचा वास नसतो. त्याची किंमत रंगाला. आणि तिसरं, वारकऱ्याच्या कपाळावरचं गोपीचंदन. ते तर झाडच नाही, माती आहे.

एक सुगंधी लाकूड, एक बिनवासाचं तांबडं लाकूड, एक माती. तिघांचं आडनाव एकच. भर म्हणून रतनगुंजेच्या झाडालाही काही ठिकाणी रक्तचंदन म्हणतात. आणि संस्कृत निघंटूंत ‘श्रीखंड’ हा शब्द चंदनाचा पर्याय म्हणून येतो, आपल्या वाटीतल्या श्रीखंडाशी त्या ठिकाणी काही संबंध नसतो.

यातून एक गोष्ट पक्की करून घ्या. जुन्या ग्रंथात ‘चंदन’ दिसलं की लगेच कंसात सँटॅलम आल्बम लिहून मोकळं व्हायचं नाही. तो शब्द आजच्या शास्त्रीय नावापेक्षा खूप जुना आहे आणि खूप रुंदही आहे.

खजिन्यातलं चंदन

हा रुंदपणा किती, ते कौटिलीय अर्थशास्त्रात दिसतं. राजाच्या कोशात कोणत्या मौल्यवान वस्तू घ्याव्यात आणि त्यांची पारख कशी करावी, असं एक प्रकरण दुसऱ्या अधिकरणात आहे. मोती, हिरे यांच्या पाठोपाठ तिथे चंदनाची यादी येते. एकदोन नाही, १६ नावं. एकाचा रंग तांबडा आणि वास मातीचा. एक काळपट-तांबडं, त्याला माशाचा वास. हरिचंदन पोपटाच्या पंखाच्या रंगाचं आणि आंब्याच्या वासाचं.

आता सांगा, हे सगळं एकाच झाडाचं वर्णन असेल का? अवघड आहे. ही वर्गवारी वनस्पतिशास्त्रज्ञाची नाहीच, खजिन्यावरच्या अधिकाऱ्याची आहे. माल कुठून आला, दिसतो कसा, वास कसा, यावर ती उभी आहे. त्याच यादीच्या शेवटी चांगल्या चंदनाचे गुण दिलेत: हलकं, स्निग्ध, तुपासारखं अंगाला माखलं जाणारं, त्वचेत मुरणारं, रंग न उडणारं, दाह शोषून घेणारं, स्पर्शाला सुखद. इथे औषध, प्रसाधन आणि व्यापार वेगळे काढताच येत नाहीत. ‘औषधी उपयोग’ आणि ‘इतर उपयोग’ अशी दोन प्रकरणं पाडण्याआधी हे लक्षात ठेवा. ती विभागणी आपली आहे, त्या काळाची नाही.

(अर्थशास्त्र वापरायचं असेल तर मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत काढलेली र. पं. कंगले यांची आवृत्ती बघा. इंटरनेटवरच्या उताऱ्यांवर भागवू नका.)

वैद्य काय म्हणतात?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे ५० गट दिलेत, प्रत्येक गटात साधारण दहा द्रव्यं. चंदन यांतल्या सहा गटांत येतं: वर्ण सुधारणारी, खाज शमवणारी, विषावर चालणारी, तहान भागवणारी, अंगाची आग कमी करणारी आणि अंग ठणकणं थांबवणारी द्रव्यं. सहाही तक्रारी डोळ्यांसमोर आणा. ताप, उन्हाळा, फोड, विषारी दंश, यांत जे जे ‘तापतं’ त्यावर चंदन. म्हणजे ‘शीतल’ हा शब्द तिथे नुसता स्पर्शापुरता नाही, त्यामागे रोगाकडे बघायची एक पूर्ण रीत आहे.

पण यातलं प्रत्येक चंदन पांढरंच का? सुश्रुताच्या सारिवादी गणात ‘चंदन’ आणि ‘कुचंदन’ अशी दोन नावं शेजारी शेजारी येतात. म्हणजे हा भेद त्यांना ठाऊक होता आणि महत्त्वाचा वाटत होता. पुढे १३व्या-१४व्या शतकातली शार्ङ्गधरसंहिता तर सरळ नियमच देते. योगात नुसतं ‘चंदन’ म्हटलं असेल तर चूर्ण, तेल-तूप, आसव आणि अवलेह यांत पांढरं घ्यावं. काढा आणि लेप यांत मात्र बहुधा रक्तचंदन घ्यावं.

हा नियम पुन्हा एकदा वाचा. लेपासाठी रक्तचंदन! आणि आज चंदनाच्या लेपावर जे लेख येतात त्यांतले बहुतेक जुन्या ग्रंथांचा दाखला देऊन थेट पांढऱ्या चंदनाच्या तेलाकडे उडी मारतात. दाखला एका झाडाचा, प्रयोग दुसऱ्या झाडावर. आजीची रक्तचंदनाची बाहुली शार्ङ्गधराच्या नियमाशी जास्त जुळते.

१६व्या शतकातल्या भावप्रकाशात ओळखीची कसोटीही आहे. उत्तम चंदन चवीला कडू, उगाळलं की पिवळं, कापलं की आत तांबूस, बाहेरून पांढरं, आणि गाठी-ढोली असलेलं. जीभ, डोळा आणि सहाण, एवढीच साधनं. पण गाभ्याचं लाकूड आणि वरचं बिनवासाचं लाकूड यांतला फरक त्यात नेमका पकडलाय.

मलयपर्वत की तिमोर?

संस्कृत वाङ्मयात चंदनाचं घर ठरलेलं आहे, मलयपर्वत, म्हणजे पश्चिम घाटाचं दक्षिण टोक. म्हणून ते ‘मलयज’. पण व्यापाराची कागदपत्रं वेगळी दिशा दाखवतात. ६व्या शतकातला ग्रीक प्रवासी-लेखक कॉस्मस चंदन पूर्वेकडून सिंहलद्वीपात येतं असं नोंदवतो. गोव्यात १५३४ मध्ये आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात तो पांढऱ्या-पिवळ्या चंदनाचा मोठा पुरवठा तिमोर बेटावरून होतो असं सांगतो, आणि तांबडं चंदन वेगळ्या प्रदेशातलं म्हणून बाजूला काढतो. हिंदुस्थानातले लोक चंदन पाण्यात वाटून अंगाला लावतात, हेही तो लिहितो. म्हणजे १६व्या शतकात गोव्याच्या बाजारातलं खोड मलयाचं असेलच असं नाही, समुद्रापारचंही असू शकतं.

मग हे झाड भारतातलं की तिमोरकडून आलेलं? हा वाद जुना आहे. त्यात एक भक्कम पुरावा पुरातत्त्वाने दिलाय. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या सांगनकल्लू इथल्या उत्खननात सापडलेल्या कोळशात चंदनाच्या जातीचं लाकूड ओळखलं गेलं, काळ इसवी सनपूर्व १३००च्या आसपास. म्हणजे दक्षिण भारतात ते निदान तेव्हापासून आहे. पण कोळसा एवढंच सांगतो की लाकूड जळलं. ते धूप म्हणून जाळलं, चुलीत घातलं की आणखी कशात, हे कोळसा बोलत नाही. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच आपण लिहायचं.

असंच दुसरं उदाहरण ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकाचं. भडोचहून इराणच्या आखाताकडे चंदन जात होतं याला त्याचा दाखला हमखास देतात. पण मूळ हस्तलिखितात तिथे वेगळाच शब्द आहे, संपादकांनी तो ‘चंदनाचं’ असा दुरुस्त करून वाचला. दुरुस्ती बरोबर असेलही, पण तो वाचनाचा निर्णय आहे, थेट पुरावा नाही. भाषांतरावर विसंबून राहिलं की असे निर्णय डोळ्यांआड जातात.

उगाळलेलं आणि गाळलेलं

आता तिसरा प्रश्न, रूपाचा. सहाणेवर उगाळलेलं गंध म्हणजे पाण्यातली लाकडाची बारीक पूड. चांगल्या गाभ्यातही तेल असतं जेमतेम काही टक्के, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यामुळे कपाळावरच्या गंधात तेल असतं ते नाममात्र. लेपाने लगेच गार वाटतं त्यात पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेतं, याचाही वाटा आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल ही मात्र वेगळीच वस्तू. तिच्यात मुख्यतः अल्फा आणि बीटा सँटॅलॉल असतात आणि ती कितीतरी तीव्र असते.

या तेलाला युरोपीय वैद्यकात मोठं स्थान मिळालं ते एका वेगळ्याच रोगामुळे. ग्लासगोच्या डॉ. हेंडरसन यांनी १८६५ मध्ये परम्यावर, म्हणजे गनोरियावर, चंदनतेल पोटात देण्याचा उपाय वैद्यकीय नियतकालिकात मांडला. शतक संपेपर्यंत ते ब्रिटिश फार्माकोपियात होतं आणि पॅरिसच्या ‘सँताल मिदी’सारख्या कॅप्सूल दूरदूर विकल्या जात होत्या.

मागणी युरोपात आणि लाकूड म्हैसूर संस्थानात. तिथे चंदन सरकारी मालकीचं होतं. झाड तुमच्या शेतात उगवलं तरी ते तुमचं नाही! लाकूड बाहेर जायचं, मुख्यतः जर्मनीला, आणि तेल तिकडे निघायचं. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, हा व्यापार थांबला आणि लाकूड पडून राहिलं. दिवाण विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या सडबरो आणि वॉटसन यांच्या प्रयोगांच्या आधारावर, १९१६ मध्ये तिथेच तेल काढणं सुरू झालं. म्हैसूर सँडल साबण हे त्याच घटनेचं पुढचं पान. आपल्याला साबणाची गोष्ट ठाऊक असते, परम्याची नसते. १९४०च्या दशकात पेनिसिलीन आलं आणि चंदनतेलाचं ते औषधी पर्व जवळपास संपलं.

म्हणजे ‘चंदनाचा औषधी उपयोग’ ही एक सलग रेषा नाही. देवघरातलं गंध, शार्ङ्गधराचा लेप आणि पॅरिसची कॅप्सूल यांत झाड, रूप, रोग आणि रोगाकडे बघायची रीत, सगळं बदलतं. उरतो तो शब्द.

आजच्या दाव्यांचं काय?

हीच पारख आजच्या संशोधनालाही लावा. अल्फा-सँटॅलॉलने उंदरांमधल्या त्वचेच्या गाठी कमी होतात का, यावर अमेरिकेत काम झालंय. ते उंदरांवरचं आणि एका शुद्ध घटकावरचं, तेवढंच समजायचं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी दाखवलं की त्वचेच्या पेशींमध्ये वास ओळखणारा एक ग्राहक असतो, तो चेतवला की जखम भरायला मदत होते. बातम्यांत आलं, ‘चंदन जखम भरतं’. प्रत्यक्षात तो प्रयोग सँडलोर या कृत्रिम सुगंधी द्रव्यावर होता. पुन्हा तेच, कोणतं चंदन?

तुमच्यासाठी

टिपणं काढताना प्रत्येक उल्लेखासमोर चार रकाने आखा: ग्रंथातला मूळ शब्द, त्याची ओळख कोणी आणि कशावरून ठरवली, वस्तूचं रूप, आणि तो उल्लेख कोणी कशासाठी केला. दुसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच राहू द्या. अशा रिकाम्या जागांतूनच संशोधनाचे प्रश्न निघतात.

आणि हे नुसतं पांडित्य नाही. चंदनाचं झाड अर्धपरजीवी, शेजारच्या झाडांच्या मुळांवर जगतं. चांगला गाभा भरायला २०-३० वर्षं जातात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते १९९८ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलंय. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदे बदलले, तेव्हा कुठे शेतकऱ्याला आपल्या रानातल्या चंदनावर हक्क मिळाला. महाराष्ट्रात आजही ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. ‘प्राचीन ग्रंथांत सांगितलंय’ एवढ्या एका वाक्यावर बाजारात मागणी वाढते, आणि तिची किंमत चुकवतं ते झाड. ग्रंथात जर रक्तचंदन सांगितलं असेल, किंवा नुसतं उगाळलेलं गंध पुरत असेल, तर हे ठामपणे सांगणारं कोणीतरी हवं. ते काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचं आहे.

चंदन झिजतं तेव्हा गंध येतो, असं आपण म्हणतो. टिपणांचंही तसंच. सहाण घ्या, आणि पहिल्या शब्दापासून उगाळायला लागा.