परियांगन

इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रा प्रांतातील मिनांगकाबाऊ लोकांचे डोंगराळ खेडे. तानाह दातार जिल्ह्यात, मारापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर ते वसले असून जिल्ह्याचे ठाणे बातुसांगकार जवळच पूर्वेला आहे. मारापीची उंची २,८९१ मीटर आहे. मध्य जावातील मेरापी हा वेगळा ज्वालामुखी असून नावांच्या साम्यामुळे वृत्तपत्रांतही या दोहोंची गल्लत होते. पश्चिमेला सिंगालांग व तांदिकात ही शिखरे आणि दक्षिणेला सिंगकाराक सरोवर यांनी वेढलेला हा टापू मिनांगकाबाऊंची मूळ भूमी मानला जातो. तानाह दातार, आगाम आणि लिमो पुलुआह कोतो हे तिचे तीन परंपरागत विभाग. त्यांत तानाह दातार सर्वांत जुना समजतात, आणि तानाह दातारमध्ये परियांगन.

हे ज्येष्ठत्व ‘तांबो’ या पारंपरिक कथासंग्रहातून आलेले आहे. समुद्राने सारी भूमी वेढलेली असताना मारापीचे शिखर तेवढे वर होते, पूर्वज तेथे उतरले आणि पाणी ओसरत गेले तशी उतारावर पहिली वस्ती झाली, असे तांबो सांगतो. याला पुरातत्त्वाचा पुरावा नाही. पण मिनांगकाबाऊ समाजात ही कथा अजून कामाची आहे. कोणते गाव कोणत्या गावातून फुटले, कोणत्या कुळाचा मान कोठे, हे सांगताना धागा परियांगनपर्यंत नेला जातो. गावात दातुआक तांतेजो गुर्हानो या पुराणपुरुषाची सुमारे २५ मीटर लांबीची समाधी आहे. पहिले रूमाह गदांग, म्हणजे कुळाचे मोठे घर, त्याने उभारले अशी समजूत असून समाधीची लांबी प्रत्येक मोजणीत वेगळी भरते, असे गावकरी सांगतात.

लेखी इतिहास चौदाव्या शतकातील राजा आदित्यवर्मन याच्यापासून सुरू होतो. या बौद्ध राजाचे संस्कृत आणि जुन्या मलायमधील शिलालेख पागारूयुंग, सुरुआसो या परिसरात सापडले आहेत. परियांगनमध्येही ओढ्याकाठी एक शिलालेख आहे. त्याची अक्षरे फार झिजली आहेत. सुरुआसोजवळचा बांदार बापाहात येथील लेख भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. आधीच्या राजाने सुरू केलेला पाटबंधारा आदित्यवर्मनने पुरा केला, अशी नोंद त्यात असून त्यातील काही मजकूर दक्षिण भारतीय ग्रंथ लिपीच्या वळणाचा आहे. ज्या खोऱ्यातील शेती आजही पाटाच्या पाण्यावर चालते, तेथील राजाने कोरून ठेवावा असा पराक्रम पाटाचाच असावा, यात नवल नाही.

डोंगरातून येणारे पाणी भातखाचरांतून पायरीपायरीने खाली उतरते. राखेच्या थरांमुळे माती सुपीक आहे. भाताखेरीज भाजीपाला, कॉफी आणि दालचिनीची लागवड होते. गावाच्या मध्यभागी ओढ्यालगत इस्लाह मशीद आहे. तिच्या शेजारीच गरम पाण्याचे झरे असून ते पाणी स्त्री-पुरुषांच्या स्वतंत्र न्हाणीघरांत खेळवले आहे. वजू, आंघोळ, गप्पा हे सारे तेथे रोज चालते.

मिनांगकाबाऊ समाज जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज गणला जातो आणि तो मुस्लिम आहे. खासी समाज किंवा केरळातील जुनी मरुमक्कत्तायम पद्धत ठाऊक असलेल्या वाचकाला यातील मातृवंश ओळखीचा वाटेल, पण इस्लामी वारसाकायद्याशी त्याने घातलेली सांगड हे मिनांगकाबाऊंचे वैशिष्ट्य. मूल आईच्या कुळाचे असते. घर, भातखाचरे आणि पाण्याचा वाटा ही कुळाची वडिलार्जित मालमत्ता आईकडून मुलींकडे जाते. ती विकता येत नाही. गहाण टाकायची तरी परंपरेने चारच कारणे मान्य केली आहेत : घरात प्रेत पडले आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, उपवर मुलीचे लग्न खोळंबले आहे, मोठे घर गळते आहे, किंवा कुळप्रमुखाची रिकामी गादी पुन्हा बसवायची आहे. स्वकष्टार्जित मिळकत मात्र इस्लामी नियमाने मुलांमुलींत वाटली जाते. या दुहेरी व्यवस्थेवर विसाव्या शतकात धर्मपंडित आणि कुळप्रमुख यांच्यात पुष्कळ वाद झाले आणि अखेर हीच तडजोड टिकली.

पुरुषाचे स्थान या व्यवस्थेत दोन घरांत विभागलेले असते. बायकोच्या घरी तो आदराचा पाहुणा. बहिणीच्या घरी तो मामा, आणि भाच्यांचे शिक्षण, लग्ने, जमिनीचे तंटे यांत त्याचा शब्द चालतो. पूर्वी वयात येणारे मुलगे रात्री ‘सूरौ’ या प्रार्थनागृहात झोपत. तेथेच कुराणपठण आणि सिलात ही युद्धकला शिकत. घरात त्यांना खोली नसे, कारण खोल्या विवाहित बहिणींच्या. त्यामुळे तरुणाने नशीब काढायला मुलूख सोडण्याची ‘मरांतौ’ ही प्रथा पडली असे म्हणतात. जमीन स्त्रियांची म्हणून पुरुष बाहेर पडतात की पुरुष बाहेर असतात म्हणून जमीन स्त्रियांकडे राहिली, याचा निकाल अभ्यासकांत लागलेला नाही. इंडोनेशियाभर आणि मलेशियात पसरलेल्या पादांग खानावळी याच स्थलांतराचे फळ होय. रेंदांग हा मसाल्यात आटवलेल्या मांसाचा पदार्थ त्यांनीच जगभर नेला.

रूमाह गदांगच्या छताची टोके म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली असतात. त्यांना ‘गोंजोंग’ म्हणतात. जुनी छते ताडजातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली असत. आता बहुतेक घरांवर पत्रे आहेत. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडांवर टेकवतात, त्यामुळे भूकंपात घर हलते पण सहसा कोसळत नाही. सुमात्राचा मोठा प्रस्तरभंग याच भागातून जात असल्याने ही रचना जीव वाचवणारी आहे. अंगणात ‘रांगकियांग’ ही धान्याची कोठारे असतात. जवळच्या ताबेक गावातील भिंती नसलेले लांबलचक सभागृह, बालाईरुंग सारी, याच सुतारकामाचा उत्तम नमुना आहे.

एकोणिसाव्या शतकाने या प्रदेशाला फार सोसायला लावले. १८०३ मध्ये मक्केहून परतलेल्या तीन हाजींनी धर्मसुधारणेची पाद्री चळवळ सुरू केली. तिच्यातून यादवी उसळली, पागारूयुंगच्या राजघराण्याची कत्तल झाली आणि १८२१ मध्ये काही कुळप्रमुखांनी डचांशी करार केला. १८३७ मध्ये पाद्रींचे ठाणे बोंजोल पडले आणि सत्ता डचांकडे गेली. १८४७ पासून कॉफीची सक्तीची लागवड आली. बिया सरकारजमा होत, म्हणून शेतकरी पाने भाजून त्यांचा काढा पिऊ लागले, असे सांगतात. नारळाच्या करवंटीतून दिला जाणारा हा ‘कावा दाऊन’ आजही या भागात रस्त्याकडेला मिळतो. १९०८ मध्ये सक्तीच्या जागी रोख कर आला आणि त्याविरुद्ध बंड झाले.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा आघात कायद्याचा होता. ‘नगारी’ हे येथील स्वशासित गाव; त्याची स्वतःची सभा, जमीन आणि कुळप्रमुख. देशभर एकच ग्रामरचना लादणाऱ्या १९७९ च्या कायद्याने नगारींचे तुकडे पडले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या पतनानंतर, २००० मध्ये प्रांतिक नियमाने नगारी पुन्हा अस्तित्वात आल्या. परियांगनचे महत्त्व या संदर्भात पाहावे. २०१२ मध्ये एका अमेरिकन प्रवास नियतकालिकाने जगातील सुंदर खेड्यांत त्याची गणना केली आणि तेव्हापासून पर्यटक येऊ लागले. परंतु देखावा हे या गावाचे दुय्यम वैभव आहे. कुळ, जमीन आणि पाणी यांचा एकत्र कारभार पाहणारी संस्था येथे जिवंत आहे, हे पहिले.

कापणीनंतर पाणी भरलेल्या खाचरांत ‘पाचू जावी’ ही बैलांची धाव भरते. परियांगन, रांबातान, लिमो काऊम आणि सुंगाई ताराब हे चार तालुके ती आळीपाळीने भरवतात. हाकणारा दोन बैलांच्या मागे लाकडी औतावर उभा राहून त्यांच्या शेपट्या धरतो. जोड्या एकमेकींविरुद्ध पळत नाहीत. सरळ आणि वेगाने धावणाऱ्या जोडीची किंमत बाजारात चढते.

मारापी जागृत आहे. ३ डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. ११ मे २०२४ च्या रात्री उतारांवर साचलेली राख आणि दगड पावसाने खाली वाहून आणले. आगाम व तानाह दातारसह आसपासच्या भागात ६० हून अधिक माणसे दगावली. पादांगहून आनाई खिंडीमार्गे पादांग पांजांगला येणारा मुख्य रस्ता त्या पुरात वाहून गेला होता. तो जुलै २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. परियांगनला जाण्याचा नेहमीचा मार्ग हाच असल्याने पावसाळ्यात निघण्यापूर्वी रस्त्याची आणि ज्वालामुखीच्या इशाऱ्याची चौकशी करावी.