दुसऱ्याच्या उशाशी बसताना



"दुसऱ्याची सेवा करा, स्वतःचं दुःख हलकं होतं." शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि घंटा झाली की विसरायची. त्यात त्यांचा दोष नाही. सुविचार पुसला जातो, माणूस लक्षात राहतो. म्हणून आज त्या वाक्यामागच्या एका माणसाबद्दल लिहिते. ही बाई आपल्याच नगर जिल्ह्यात राहून गेली. लक्ष्मीबाई टिळक. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण गोष्ट जुन्या काळची, म्हणून नगरच म्हणते.)

'स्मृतिचित्रे'तला एखादा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो. तो वाचून आपण हसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्या हसण्याखाली काय दडलंय, ते मला वयाच्या सत्तरीत कळायला लागलं.

लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले. जन्म १८६८चा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्याचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की त्यांचं सोवळं वेडाच्या थराला गेलं. मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! अशा घरात, शिवाशिवीच्या धाकात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, विद्वान आणि मनस्वी. आज इथे तर उद्या तिथे. हातात पैसा टिकायचा नाही, समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. संसार कसा चालला असेल, ते घर चालवणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

१८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी बायबल वाचायला दिलं. पुढे दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मण घरातल्या बाईला ही बातमी म्हणजे काय असेल? नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कुंकू आहे आणि संसार नाही. पदरात लहानगा दत्तू. चार-पाच वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. मन इतकं पोळलेलं की जगणं नकोसं व्हावं. शेवटी त्या नवऱ्याकडे आल्या, पण स्वतःचा धर्म आणि सोवळं घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, अशी ही जोडी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात राहू लागली.

या मिशनबद्दल दोन शब्द. १८३१ पासून ते नगरला होतं. सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. जोतीराव फुले नगरला येऊन मुलींची शाळा पाहून गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहेच. टिळक इथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. ते रेव्हरंड ह्यूम यांनी १८७८ मध्ये सुरू केलेलं.

लक्ष्मीबाईंचं मन कुणाच्या उपदेशाने बदललं नाही. टिळकांनी आग्रह धरला नव्हता. जातपात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, माणसाने केली असं ठरवलं आणि शिवाशिव सोडून दिली. ती आधी सुटली, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

ते दिवस मोठे कठीण होते. १८९९-१९००चा दुष्काळ. मिशनच्या आवारात अनाथ पोरं येत होती. कुठल्या जातीची, कुठल्या गावची, कोण विचारणार? टिळकांच्या घरातही अशी मुलं आली. टिळक त्यांना घरी आणणार आणि त्यांच्या पोटाची व्यवस्था बघणार लक्ष्मीबाई! मग प्लेग आला. सख्खी माणसं रोग्याला सोडून पळत होती, त्या काळात लक्ष्मीबाई प्लेगच्या रोग्यांच्या शुश्रूषेला गेल्या.

इथे मी वाचता वाचता थांबले. ज्या मुलीच्या घरी मीठ धुऊन घेत, ती प्लेगच्या रोग्याच्या उशाशी बसली. स्पर्शाच्या भीतीत जिचं बालपण गेलं, तिने ज्याला जग शिवत नव्हतं त्याला हात लावला. माझ्या मते त्यांच्या मनाची जखम भरली ती इथे. ज्या 'शिवण्या'ने त्यांचा संसार मोडला होता, त्याच शिवण्याने त्या इतरांना धीर देऊ लागल्या.

माझे एक भाचे हे वाचून म्हणतील, "मावशी, हे धर्मांतराचं कौतुक कशाला?" बाळा, मी धर्मांतराचं कौतुकही करत नाही आणि निंदाही करत नाही. त्या वेळी किती घरं दुभंगली, किती आईबापांनी जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ केली, हे लक्ष्मीबाईंच्या कहाणीतच दिसतं. मला एवढंच दिसतं की नाव कुठल्याही देवाचं असो, बाईचं मन सावरलं ते हात कामाला लागल्यावर.

पुढे नगरच्या त्याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली होती. हळवं, मनाने अस्वस्थ पोर. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. १९१८ मध्ये रेल्वेखाली त्याचा अंत झाला. प्रत्येकाला सावरणं आपल्या हातात नसतं, हेही सेवा करणाऱ्याला शिकावं लागतं. पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये, टिळक गेले.

तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. सेवेने दुःख कायमचं जातं असं नाही, ते पुन्हा दार वाजवतंच. पण एकदा सावरलेला माणूस दुसऱ्या वेळी कसं उभं राहायचं ते जाणतो. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली. पहिला भाग १९३४ मध्ये आला, त्या १९३६ मध्ये गेल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे निघाला. अख्ख्या पुस्तकात कुठे कडवटपणा नाही. ज्या नवऱ्यापायी एवढं सोसलं, त्याची थट्टा आहे, पण तक्रार नाही. मन बरं झाल्याची याहून मोठी खूण कोणती?

आमचे 'हे' गेल्यावर मला सगळे सांगत होते, "मन रमवा, यात्रेला जा." गेलेही. पण खरं बरं वाटलं ते शेजारच्या दोन मुलींना दहावीचं मराठी शिकवायला बसले तेव्हा. त्यातली एक अजून 'की' ऱ्हस्व लिहिते! मी रागावते, ती हसते, तासभर घर भरतं. ही काही प्लेगची छावणी नाही, माहीत आहे मला. पण लक्ष्मीबाईंनी तरी कुठे मोठं काहीतरी करायचं म्हणून सुरुवात केली होती? समोर जे माणूस आलं, त्याच्याजवळ त्या बसल्या.

'स्मृतिचित्रे' घरात असेल तर काढा, नसेल तर ग्रंथालयातून आणा. मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. हसतील. हसू द्या. बाकीचं त्यांना वयाने कळेल.