दोन रजांवर टिकलेले संसार

कोकणातल्या पत्रकाराला भाद्रपदाच्या आधी एक बातमी ठरलेली असते. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण काही मिनिटांत संपलं, महामार्गावर कोंडी झाली, जादा एसटी सोडल्या. मीही ती दरवर्षी लिहितो. पण एवढी माणसं एवढे हाल सोसून चार-पाच दिवसांसाठी का येतात, हा प्रश्न त्या बातमीत कधी नसतो. "श्रद्धा" म्हटलं की विषय संपतो. श्रद्धा आहेच. मात्र त्याच्या मागे दीडशे वर्षांचा एक इतिहास आहे, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांच्या संसाराचा इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, बंदर वाढलं. हात हवे होते, आणि ते रत्नागिरी जिल्ह्याने दिले. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही आपल्याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. आपली जमीन कातळाची. भात आणि नाचणी घरच्या तोंडांना वर्षभर पुरायची नाही. मग घरातला कर्ता पुरुष मुंबईला जायचा आणि बायको गावात राहायची. मुंबईत त्याच्या वाट्याला खोली नव्हतीच, एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी, पाळीपाळीने झोपणारे. जेवण खानावळीत. त्या खोलीत बायको आणून ठेवणार कुठे?

इकडे बाईने नांगरणी सोडून बाकी सगळं केलं. लावणी, कापणी, गुरं, म्हातारे सासू-सासरे, मुलांची शाळा. नवरा दिसायचा तो मनीऑर्डरच्या पावतीवर. या रचनेची खूण आजही जनगणनेत आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेरची माणसं हा आकडा बघून जिल्ह्याचं कौतुक करतात. कौतुक करण्यासारखं त्यात थोडं असेलही, पण मुळात तो आकडा आहे गावात नसलेल्या पुरुषांचा.

मग हे संसार टिकले कशावर? माझं उत्तर असं की ते दोन रजांवर टिकले. एक शिमगा, दुसरा गणपती. मे महिना आंब्या-फणसाचा आणि लग्नांचा, तो जमला तर. पण या दोन सणांना यायचंच. गिरणीत पगार कापला तरी चालेल, जॉबर ओरडला तरी चालेल.

यातही शिमग्याचा मान मोठा का, याचं एक साधं कारण समुद्रात आहे. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबई-कोकण प्रवास आगबोटीचा, आणि पावसाळ्यात बोटी बंद. भाद्रपदात समुद्राचा भरवसा नसायचा. फाल्गुनात मात्र समुद्र शांत. आमच्या पूर्णगडच्या किल्ल्यावर उभं राहिलं की हे लगेच कळतं. खाली मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, पलीकडे गावखडी. पूल होण्याआधी पलीकडे जायचं तर होडी. जून ते ऑगस्टमध्ये त्या मुखावरचा समुद्र एकदा बघा, मग चाकरमानी गणपतीला कसा येत असेल याचा विचार करा. १९४८ मध्ये सरकारी एसटी सुरू झाली, हळूहळू घाटातून गाड्या गावापर्यंत पोचल्या, आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आज आपण बघतो ती गणपतीची तोबा गर्दी ही या वाटा झाल्यानंतरची आहे. सण जुना, पण त्याला येणं सोपं झालं ते अलीकडे.

आता त्या रजेत काय व्हायचं ते बघा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ती दारात येते तेव्हा घर उघडं हवं, अंगण सारवलेलं हवं, आणि ओटी भरायला घरची बाई, पालखीला खांदा द्यायला घरचा पुरुष हवा. म्हणजे वर्षातून एकदा नवरा-बायकोने एका दारात एकत्र उभं राहायचं, हे देवानेच ठरवून दिलेलं. गाऱ्हाणं घालताना गावकर गावाबरोबर मुंबईकर लेकरांचंही रक्षण मागतो. फाल्गुनात नवरा आला की मार्गशीर्षाच्या सुमाराला पाळणा हलायचा. हिशेब तुम्हीच करा.

गणपतीत गौरीचा ओवसा. नव्या नवरीचा पहिला ओवसा म्हणजे सासरच्या भावकीत तिची खरी ओळख. सुपांत फळं, भाज्या, पानं, सुका मेवा. ती गौरीला ओवसते आणि मग एकेक सूप सासूला, जावेला, नणंदेला, वडीलधाऱ्यांना देते, पाया पडते. समोरचा सुपात काहीतरी घालून ते परत करतो. लग्नात तीनशे माणसांत ही मुलगी गोंधळून गेलेली असते. कोण चुलत सासू, कोण मोठी जाऊ, काही कळत नाही. ओवशाच्या दिवशी प्रत्येकाच्या पुढे सूप धरून उभं राहिल्यावर कळतं. आणि त्यांनाही कळतं की ही आता आपली. नवरा आठ दिवसांनी मुंबईला निघून जाणार, हिला वर्षभर याच बायकांत राहायचं. लावणीला याच येणार, बाळंतपणाला याच धावणार. तो ओवसा दिसायला पूजेचा होता, पण त्यात वर्षभराच्या आधाराची बोलणी होत होती.

हे फक्त हिंदू घरांचं नाही बरं का. आपल्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांतले पुरुष आधी जहाजांवर गेले, आणि सत्तरच्या दशकापासून आखातात. तिथेही घर बाईनेच सांभाळलं, आणि सुट्टी जुळवली ती ईद आणि घरातल्या लग्नांशी. पूर्णगडसारख्या गावात ही दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी चालत आली.

पण इथपर्यंत गोड लिहून थांबलो तर ते अर्धंच होईल. सणात सामील करून घेणं ही एवढी मोठी ताकद असेल, तर सणातून बाहेर ठेवणं ही तेवढीच मोठी शिक्षा. आणि ती शिक्षा आपल्या जिल्ह्याने नीट वापरली आहे.

धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्याचे. जन्म १८५८ चा, वाढले दापोली तालुक्यातल्या मुरुडला. पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर त्यांनी ठरवलं की पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई देवरुखच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. पुढे त्या आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. लग्नानंतर मुरुडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरात घेतलं तर आई-भावंडंही वाळीत पडणार, अशी वेळ आली. म्हणजे माणूस जिवंत, घर उभं, आई दारात, पण सणाच्या पंगतीत जागा नाही. त्याच १८९३ च्या सुमाराला रत्नागिरीत जन्मलेले टिळक पुण्यात घरातला गणपती सार्वजनिक करत होते. एकाच जिल्ह्याची दोन माणसं. एकाने सण चव्हाट्यावर आणून माणसं जोडली, आणि दुसऱ्याला एका लग्नापायी आपल्याच गावाने तोडलं. कर्व्यांनी नंतर हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभं केलं, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. वाळीत टाकणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही.

वाळीत टाकणं इतिहासजमा झालं म्हणाल तर तसंही नाही. तसं असतं तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला नसता. तो जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही पालखी अमक्याच्या दारात नेऊ नका, याच्या कुजबुजी शिमग्याच्या आधी कानावर येतातच.

आणि घरातल्या घरात जो बहिष्कार चालतो त्याला तर कोणताच कायदा पुरत नाही. जिने तीस वर्षं एकटीने घर ओढलं, मुंबईच्या मनीऑर्डरवर चार मुलं वाढवली, तिचा नवरा गेला की पुढच्या गौरीला ती सुपापासून दूर, माजघराच्या दारात. वडे तिने तळायचे, सूप मात्र दुसरीने घ्यायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय आला का? जरा चौकशी करा.

दुसरा मुद्दा बहिणींचा. गौरीला माहेरवाशीण येते, तिचे लाड होतात, साडी होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात तिचा मुलाएवढाच हक्क आहे. आणि आपल्याकडे हक्कसोडपत्राचा विषय नेमका कधी निघतो? सगळी भावंडं एकत्र असतात तेव्हाच, म्हणजे गणपतीत! "दादा, सही कुठे करू?" असं ती विचारते, कारण माहेर तुटू नये. सही दिली की माहेर टिकतं, मागितला हक्क की ओवाळायलाही कोणी बोलवत नाही. हा व्यवहार आपण सणाच्या आडून करतो, हे निदान मान्य तरी करूया.

तिसरा मुद्दा मूळ घराचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव परत कधी उभं राहिलं नाही. काही जण गावी आले. पण पुढच्या पिढीने बायका-मुलांसह विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली गाठली. आता नवरा-बायको एकत्र आहेत, ही चांगलीच गोष्ट. विरहाची गाणी गायला मला आवडत नाही, तो विरह बायकांनी सोसला होता. पण गावचं घर बंद पडलं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. कुलूप निघतं ते गणपतीला. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, आणि गणपती एकच. पाळी कोणाची, खर्च कोणाचा, कौलं कोणी शाकारायची, यावरून भांडण. मग एक भाऊ म्हणतो, आम्ही आमचा गणपती वेगळा बसवतो. गणपती वेगळा झाला की भावकी वेगळी झालीच म्हणून समजा.

जुन्या लोकांना सण जमला तो भक्तीने जमला असेल, पण त्याहून जास्त तो कामाच्या वाटणीने जमला. कोण काय करणार हे ठरलेलं होतं, आणि प्रत्येकाला तिथे असण्याचं कारण होतं. एकत्र फोटो काढून नातं टिकत नाही. एकत्र कौलं शाकारून टिकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या गणपतीत आरती झाल्यावर अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून बसा. पाळी आणि खर्च वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बहिणींना त्या बैठकीत बसवा, चहा करायला आत पाठवू नका. हक्कसोडीचा कागद सणात काढू नका. मुंबईच्या सुनेला रजा मिळाली नाही तर तिला टोमणे मारू नका, तीही आता चाकरमानीच आहे. आणि गौरीच्या दिवशी घरात नवरा गेलेली आजी, काकी, वहिनी असेल तर पहिलं सूप तिच्या हातात द्या. कुणी काही बोललं तर सांगा, हे घर टिकलंय ते हिच्यामुळे.

तुमच्या वाडीत ओवसा कसा होतो, पाळी कशी लावतात, आणि कुणी ही चौकट बदलली असेल तर कशी बदलली, ते खाली लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा. पुढच्या पोस्टमध्ये त्यावर बोलू.