विवाहपूर्व करार

विवाहपूर्व करार : नियोजित वधूवरांनी आपल्या मालमत्तेची मालकी, व्यवस्था व वाटणी यांविषयी विवाहापूर्वी केलेला करार. भारतात विवाह हा दोन कुटुंबांमधील संबंध मानला जात असल्याने अशा बोलण्यांत आईवडिलांचा वाटा मोठा असतो. तो कराराचे पक्षकार म्हणून, दाते म्हणून की सल्लागार म्हणून, यावर कराराचे स्वरूप व त्यातून वधूला मिळणारे संरक्षण बरेचसे अवलंबून राहिले आहे.

महाराष्ट्रातील याद्या : पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांच्या ग्रामीण भागात सोयरीक ठरली म्हणजे सुपारी फोडण्याची व देण्याघेण्याच्या याद्या करण्याची रीत आहे. दागिने, कपडे, मानपान व लग्नखर्च यांची बोलणी दोन्हींकडील वडीलधारी मंडळी करतात. पूर्वी वधूवर अल्पवयीन असत. त्यामुळे आईवडील हेच वस्तुतः करणारे पक्ष होते. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाने मुलींसाठी १४ व मुलग्यांसाठी १८ वर्षे ही किमान वयोमर्यादा घातली. १९७८ मध्ये ती अनुक्रमे १८ व २१ करण्यात आली. वधूवर सज्ञान झाले, तरी याद्या वडीलधाऱ्यांकडेच राहिल्या. त्यांत लग्नाचा तपशील असे. सासरच्या मालमत्तेतील वधूच्या हक्काविषयी मात्र त्या बहुधा मुग्ध असत.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाने हुंडा देण्याघेण्याचा करार रद्दबातल ठरविला. मागणी नसताना स्वेच्छेने दिलेल्या भेटींना तो लागू नाही. मात्र १९८५ च्या नियमांनुसार अशा भेटींची लेखी सूची ठेवावी लागते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते यांची नोंद करून तीवर वधू व वर या दोघांनीही सही करावयाची असते. वधूला मिळालेल्या भेटींची सूची वधूने ठेवावयाची असते. पुढे वाद निर्माण झाल्यास स्त्रीधन सिद्ध करण्यास ही सूची उपयोगी पडते [⟶ स्त्रीधन]. मागणीची यादी बाजूला ठेवून ही सूची काळजीपूर्वक करणे, हे आईवडिलांचे मुलीला होऊ शकणारे खरे साहाय्य होय.

कायद्यातील स्थान : गोवा वगळता भारतात हिंदूंच्या विवाहपूर्व करारास मान्यता देणारा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्द ठरतो. पत्नीला तिच्या माहेरातून कधीही न हलविण्याचे वराने विवाहापूर्वी मान्य केले होते, अशा एका खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये तो करार अमान्य केला. मुस्लिम विधीत विवाह हा मूलतः करारच असल्याने मेहर व विधिसंमत अटी लिहून घेता येतात. ख्रिस्ती दांपत्यांच्या घटस्फोटात विवाहपूर्व मालमत्ता-व्यवस्थेची चौकशी करून योग्य आदेश देण्याचा अधिकार १८६९ च्या घटस्फोट अधिनियमाने न्यायालयास दिला आहे.

गोव्यातील पद्धती : १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवण्यात आल्या. १९६१ मधील मुक्तीनंतरही १९६२ च्या अधिनियमाने तेथील कायदे चालू राहिले. संहितेनुसार वधूवरांना चार पद्धतींपैकी एक निवडता येते : संपूर्ण सामाईकी, केवळ विवाहोत्तर मिळकतीची सामाईकी, विभक्त मालकी व आंदण पद्धती. करार विवाहापूर्वी सार्वजनिक दस्तऐवजाने करावा लागतो. तसा नसल्यास संपूर्ण सामाईकी आपोआप लागू होते व पत्नी निम्म्या मालमत्तेची मालक ठरते. मालमत्तेची व्यवस्था संहितेने पतीकडे सोपविली असली, तरी पत्नीच्या संमतीवाचून त्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही.

येथे करार वधूवरांचा असतो; आईवडील प्रामुख्याने दाते असतात. आंदण पद्धतीत त्यांनी मुलीला दिलेली मालमत्ता पतीच्या व्यवस्थेखाली राहते, पण विवाहसंबंध संपल्यावर ती परत करावी लागते. आईवडिलांच्या निधनानंतर वारसांतील वाटणीच्या वेळी असे आंदण तिच्या हिश्श्यात जमेस धरतात. त्यामुळे भावंडांमध्ये समतोल राहतो.

विवाहानंतर हा करार बदलता किंवा रद्द करता येत नाही. म्हणून निवडीच्या क्षणी मिळणारा सल्ला आयुष्यभर परिणाम करतो. घराण्याची जमीन वा व्यवसाय फुटू नये यासाठी वराचे आईवडील विभक्त मालकीचा आग्रह धरू शकतात. पण तिला संमती देणारी वधू कायद्याने एरवी मिळणारा निम्मा हिस्सा गमावते. दोन्हींकडील आईवडिलांचे हितसंबंध अशा वेळी एकच नसतात व ते वधूवरांच्या हिताशीही नेहमी जुळतात असे नाही. दस्तऐवजाचा अर्थ वधूवरांना स्वतंत्रपणे समजावून दिला जाणे व निर्णय त्यांच्यावर सोपविणे, यांतच आईवडिलांच्या साहाय्याची मर्यादा व सार्थकता आहे.