पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर कोणता बनवावा?

घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे मनात आले की नवशिका आधी विचारतो, आवाज किती दमदार येईल? पहिल्या प्रकल्पासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो किती व्होल्टवर चालतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत राहणाऱ्यासाठी तर निवड याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

व्हॉल्व्ह काम कसा करतो?

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला हीटर कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन भाराच्या अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेतली ग्रिड, म्हणजे बारीक तारेची जाळी, नळाच्या तोटीप्रमाणे हा प्रवाह कमीजास्त करते. ग्रिडवर आलेला क्षीण ध्वनिसंकेत त्यामुळे मोठा होऊन बाहेर पडतो. नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अ‍ॅनोडला २५० ते ३०० व्होल्ट डीसी लागतात. हा दाब जीवघेणा असतो.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. मतदान यंत्रे बनवणारी हीच ती कंपनी. ‘बीईएल’ छाप असलेले तिचे जुने व्हॉल्व्ह छंदी मंडळी आजही शोधत असतात.

नावावरून काय कळते?

युरोपीय पद्धतीच्या नावात पहिले अक्षर हीटरविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरचा, इतर हीटरांसोबत एकामागोमाग एक जोडायचा. पुढच्या अक्षरांत ‘सी’ म्हणजे छोटा ट्रायोड आणि ‘एल’ म्हणजे स्पीकर चालवू शकणारा पेंटोड. म्हणून ईसीसी८२ मध्ये दोन ट्रायोड असतात आणि ईएल८४ हा पॉवर पेंटोड असतो.

मग पहिला प्रकल्प कोणता?

ईसीसी८२ आणि मॉस्फेट वापरून केलेला १२ व्होल्टचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. ईसीसी८२ च्या हीटरचे दोन भाग एकामागोमाग जोडले की त्याला १२.६ व्होल्ट लागतात, आणि अ‍ॅनोड १२ व्होल्टवरही कामापुरता चालतो. दोन ट्रायोड दोन कानांसाठी पुरतात. हेडफोनला लागणारा प्रवाह मॉस्फेट देतो, त्यामुळे महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही. जोडणी चुकली तर बहुधा एखादा सुटा भाग जळतो, जिवावर बेतत नाही.

असा अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी गाणे थांबत नाही. मात्र बॅटरी चार्ज होत असताना दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि हीटरवर ताण येतो, तेव्हा तो चालवू नये. बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाल्यास बॅटरी तार वितळवण्याइतका प्रवाह सोडते. मॉस्फेट चांगलाच तापतो, म्हणून त्याला मोठा हीटसिंक लावावा. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच हेडफोन जोडावा.

स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर कधी?

पहिला प्रकल्प बिनतक्रार चालला आणि मल्टिमीटर हाताळण्याची सवय झाली की मग. एका ईएल८४ वर साधारण पाच वॅट मिळतात, ते छोट्या खोलीला पुरतात. यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यातून सतत डीसी वाहत असल्याने त्याच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तो करून घ्यायचा असेल, तर वेढ्यांच्या हिशेबासोबत ही फटही सांगावी. परदेशी किट घेताना ते २३० व्होल्टसाठीच आहे ना, हे तपासावे.

घरातला जुना रेडिओ उघडावा का?

सुरुवातीला नको. ज्या रेडिओत ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात, त्यात बऱ्याचदा विजेची एक तार थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा २३० व्होल्टवर येतो.

घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक ठरते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा ३०० व्होल्टचा भाग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो. तिथे शॉक बसला तर आरसीसीबीला गळती दिसतच नाही आणि तो पडत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, म्हणून मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करूनच हात घालावा. असे काम एकट्याने करू नये.

इथे हा क्रम का महत्त्वाचा?

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत एक रेझिस्टर मिळायलाही वाट पाहावी लागते आणि शॉक बसलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात नेणे अवघड होते. म्हणून कामाला बसण्याआधी सुटे भाग, एक जादा व्हॉल्व्ह आणि दोन-चार फ्यूज एकदमच मागवावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून किंवा ऑनलाइन ते मिळू शकतात. आणि सुरुवात १२ व्होल्टपासूनच करावी.