जन्म गावात, मरण मुंबईत : शंभर वर्षांपूर्वीचा एक हिशोब

मागच्या आठवड्यात बातमीसाठी एका उपकेंद्रात गेलो होतो. लसीकरणाचा दिवस होता. नालासोपाऱ्याहून माहेरी आलेली एक मुलगी चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. बाळाचं कार्ड तिकडे खोलीवर राहिलेलं. कुठल्या लसी झाल्यात, तिला नक्की सांगता येईना. सिस्टर यादी चाळून म्हणाल्या, "ताई, बाळाचं नाव आमच्याकडे नाही." ती म्हणाली, "तिकडचे पण हेच म्हणतात. बाळंतपण गावाला झालं ना, म्हणून."

शेवटी नवऱ्याला फोन लावला, त्याने कार्डाचा फोटो पाठवला आणि काम झालं. पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या बाळांचा हिशोब नेमका इथेच चुकला होता. आणि ती बाळं बरीचशी आपलीच होती.

साल १९२१. मुंबई म्हणजे गिरण्या, गोदी, ट्राम. त्या वर्षी शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू होते साडेसहाशेच्या वर. एका खोलीच्या घरांत हा आकडा हजारी ८२८ होता. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. शहर एकच, पाणी एकाच नळाचं, पाऊस तोच. फरक खोल्यांचा. आणि शहरातली जवळपास दोन तृतीयांश माणसं एकाच खोलीत राहत होती.

आता हजारातली ८२८ बाळं खरंच मरत होती का? इथे आपलं गाव येतं.

त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या पाच माणसांत एकही धड मुंबईत जन्मलेला नव्हता. बाहेरून आलेल्यांत सगळ्यात मोठा वाटा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा. हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे बाप्ये तिकडे, घर इकडे. ज्या बायका नवऱ्यासोबत मुंबईला गेल्या, त्यातल्या बऱ्याच जणी बाळंतपणाला गावी यायच्या. आईकडे नाहीतर सासूकडे. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की बोटीने परत. जन्माची नोंद झालीच तर ती गावच्या दप्तरात. मुंबईत बाळ दगावलं की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. भागाकारात खालचा आकडा लहान, वरचा मोठा. म्हणून ८२८.

तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही हे कळत होतं. खरं प्रमाण यापेक्षा कमी असणार, यात शंका नाही. पण बघा, हिशोब दुरुस्त केल्यावरही बाळं मेलेलीच राहतात. ती कुठल्या वहीत लिहायची, एवढाच वाद उरतो.

मरत का होती? १९२२ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका बाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्या चाळीतून चाळीत फिरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचं त्यांनी लिहून ठेवलंय. खोली साधारण पंधरा फूट बाय बारा फूट. आत सहा चुली. सहा चुली म्हणजे सहा बिऱ्हाडं. मोठी-लहान मिळून तीस माणसं. छताला बांबू टांगलेले, रात्री त्यावर कपडे आणि गोणपाट टाकून आडोसा करायचा. आणि त्या सहा बायकांपैकी तिघी दिवसांत आलेल्या.

गावी जाणं जमलं नाही, तर बाळंतपण त्या आडोशामागे.

बाळंतपण उरकलं की पुन्हा गिरणी. दिवसाचे दहा तास. बाळ कोणाकडे? शेजारची म्हातारी असेल तर तिच्याकडे, नाहीतर मोठ्या बहिणीकडे, जी स्वतःच सहा-सात वर्षांची. ते रडू नये म्हणून बाळगोळी. नाव किती गोड! आत अफू. बार्न्सबाईंच्या अहवालात आकडा आहे : कामावर जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात होती. अफूने बाळ झोपतं. झोपलेलं बाळ रडत नाही, दूध मागत नाही. भूक मरते, अंग सुकतं, आणि मग साधा जुलाब किंवा खोकलासुद्धा पुरतो.

त्या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तेव्हाच्या बऱ्याच शहाण्यांनी तेच केलं. पण दहा तास पाळीवर उभी राहणारी, पगार बुडाला की चूल बंद होणारी बाई दुसरं काय करणार होती? तिला बाळाजवळ थांबायचे पैसे देणारं कोणी नव्हतं.

पैसे द्यावेत हे म्हणायला माणसं पुढे आली ती आपल्या कोकणाशी नातं असलेलीच. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या विधिमंडळात आसवले यांनी विधेयक आणलं. जुलै १९२८ मध्ये त्याच्या बाजूने बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. वाढले परळच्या चाळीत. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्यानेही त्याचा भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांतले एकटे यशवंत जगले. धाकटा राजरत्न गेला १९२६ साली. विधिमंडळातल्या भाषणाच्या दोन वर्षं आधी. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

१९२९ ला कायदा झाला. देशातला या प्रकारचा पहिला. बाळंतपणाच्या आधी-नंतर काही आठवडे सुट्टी आणि दिवसाला आठ आणे. सगळं सुधारलं असं नाही. पुढे गिरण्यांतल्या बायकाच कमी होत गेल्या. नवी यंत्रं आली, पाळ्या बदलल्या, आणि भत्ता द्यायला नको म्हणून बाईच नको, असंही मालकांचं गणित असल्याचं बोललं जायचं. पण बाळाचा जीव आईच्या मजुरीशी बांधलेला आहे, हे पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं.

आता आजचं बोलू. २०२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात अर्भक मृत्यूदर हजारी १६ वर आला होता. देशाचा २८. कुठे साडेसहाशे आणि कुठे सोळा! लस, नळाचं पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, अंगणवाडी, आशाताई, या सगळ्यांची ही कमाई आहे. पण २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, लेकरं गेली. त्यात लस न मिळालेली बरीच होती. दाटीच्या खोल्या, सतत बदलणारे पत्ते, आणि कुठल्याच यादीत पक्कं नसलेलं नाव. १९२१ ची वही बदलली, रिकामी ओळ तशीच आहे.

आपण चाकरमान्यांचा तालुका. आपली पोरं आता लालबाग-परळला नाहीत. ती दिवा, विरार, नालासोपारा, कळंबोलीला आहेत. बाळंतपणाला मात्र लेक-सून अजून गावी येतेच. यायलाच हवी. फक्त तिच्या येण्याजाण्यात बाळ यादीतून गळता कामा नये.

गणपतीला घरं भरतील. येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला एवढं सांगा : माता बाल संरक्षण कार्ड सोबत आण, आणि त्याचा फोटो तुझ्या आणि आईच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये ठेव. गावात बाळ जन्मलं तर जाण्याआधी आशाताईला मुंबईचा पत्ता आणि फोन नंबर लिहून द्या. तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात नाव घाला. ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझी विनंती : ग्रामसभेत एकदा तरी विचारा, गावात जन्मलेली पण आता गावात नसलेली बाळं किती, आणि त्यांची पुढची लस कोण बघतंय?

आणि घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर तिच्याजवळ बसून विचारा, तिची किती भावंडं लहानपणीच गेली, आणि कुठे. मी माझ्या आजीला विचारलं होतं. तिने बोटं मोजली. तिसऱ्या बोटाशी थांबून म्हणाली, "ह्यो मुंबईत गेला. नाव ठेवलं होतं की नाही, आठवत नाय."