खताचें बीजक

शेणखत नीट कुजलें आहे कीं नाहीं हें ठरवावयास शेतकऱ्यास शास्त्रज्ञाची गरज कधीं पडली नाहीं. ढिगांत हात घातला, वास घेतला, मूठभर चुरून पाहिलें, कीं परीक्षा झाली. शिवाय तें खत बहुधा त्याच्याच गोठ्यांतलें; फसविणार कोण? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत ही स्थिति पालटली. खत हा बाजारचा माल झाला, आणि शेतकऱ्याचें नाक व बोटें निरुपयोगी ठरलीं. खतविक्रीच्या कायद्याचा इतिहास येथून सुरू होतो.

पेरू देशाच्या किनाऱ्यालगत चिंचा नांवाचीं बेटें आहेत. तेथें पाऊस जवळजवळ पडत नसल्यानें समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर त्यांतील नत्रासह शतकानुशतकें सांचून राहिले होते. हाच ग्वानो. १८४० नंतर तो जहाजें भरभरून इंग्लंडांत येऊं लागला. त्याच सुमारास, १८४२ सालीं, जॉन बेनेट लॉज यानें स्फुरदयुक्त पदार्थांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचें पेटंट घेतलें, आणि पुढील वर्षीं लंडनजवळ डेप्टफर्ड येथें कारखाना काढला.

ग्वानो महाग असे, आणि दिसावयास पिंवळट भुकटीसारखा. त्यांत पिंवळी माती, वाळू, जिप्सम मिसळणारे व्यापारी लौकरच निघाले. पीक बुडालें तर दोष खताचा, पावसाचा कीं बियाण्याचा, हें शेतकऱ्यानें सिद्ध कसें करावें? खोटें कापड पहिल्या धुण्यांत उघडें पडतें. खोट्या खताचा संशय येतो तो सुगीच्या वेळीं, आणि तेव्हांहि खात्री पटत नाहीं.

रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन टॉमस वे यांनीं १८४९ सालीं ग्वानोच्या निरनिराळ्या जातींचे घटक व त्यांवरून ठरणारी किंमत यांवर निबंध प्रसिद्ध केला. खताचा भाव नांवावरून नव्हे, घटकांवरून ठरावा, हा विचार त्यांत होता. १८५७ सालीं त्यांच्या जागीं आलेले ऑगस्टस फोल्कर यांनीं सभासदांचे नमुने तपासण्याचें काम १८८४ पर्यंत चालविलें. पण हा लाभ मुख्यतः सोसायटीच्या सभासदांचा. लहान कुळास तो दूरच.

आणि कायदा? घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें, हें इंग्रजी व्यापारी कायद्याचें जुनें तत्त्व. जेथें डोळेच कामाचे नाहींत तेथें हें तत्त्व विक्रेत्याच्या पदरीं आयतें संरक्षण टाकतें. अन्न व औषधें यांतील भेसळीविरुद्ध १८७५ सालीं कायदा झाला. खतास १८९३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या सालच्या खतें व पशुखाद्यें यांच्या कायद्यान्वयें कृत्रिम किंवा आयात खत विकणाऱ्यानें बीजक देणें बंधनकारक झालें. त्यांत खताचें नांव आणि नत्र, विद्राव्य व अविद्राव्य स्फुरद व पालाश यांचें कमींत कमी शेंकडा प्रमाण लिहावयाचें. स्फुरदाचे दोन भाग कां? तर पाण्यांत विरघळणारें स्फुरद पिकास लागलेंच मिळतें, आणि सुपरफॉस्फेटची किंमत मुख्यतः त्याचीच असते.

कायद्याचें मर्म पुढें आहे. बीजकांतील विधान म्हणजे विक्रेत्याची हमी, असें त्यानें ठरविलें. हमीचा दावा करणाऱ्यास आतां विक्रेत्याचा हेतु सिद्ध करावयाचा नव्हता. लिहिलेला आंकडा व पृथक्करणांत निघालेला आंकडा यांची तुलना पुरे होती. त्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारमान्य रसायनज्ञ नेमण्याची तजवीजहि झाली. परंतु नमुना घेऊन पाठविण्याचा खटाटोप खरेदीदाराच्याच गळ्यांत राहिला. म्हणून १९०६ च्या नव्या कायद्यानें नमुने घेणारे अधिकारी नेमण्याचें काम स्थानिक सत्तेवर सोंपविलें.

आपल्या देशांत १९५५ च्या अत्यावश्यक वस्तु कायद्याखालीं १९५७ सालीं खत नियंत्रण आदेश निघाला. त्याची जागा १९८५ च्या आदेशानें घेतली. आज गोणीवर १५:१५:१५ असे आंकडे दिसतात, ते नत्र, स्फुरद व पालाश यांच्या शेंकडा प्रमाणाचें अभिवचन होय. बीजकावरील अक्षर गोणीवर आलें; शेतकऱ्याचें परावलंबित्व मात्र तेंच आहे. गोणी फोडून तो त्यांतील नत्र मोजूं शकत नाहीं. आंकडा छापणें सोपें आहे. तो खरा ठेवावयास नमुना घेणारा निरीक्षक आणि निःपक्षपाती प्रयोगशाळा लागते. हीं दोन जेथें ढिलीं पडतात, तेथें शेतकरी पुन्हां १८९३ च्या पूर्वींच्या इंग्लंडांत जाऊन पोंचतो.